टकलावरची मिश्रणे

इजिप्तमधला एबर्स पपायरस हा इ.स.पू. १५५० च्या सुमाराचा वैद्यकीय ग्रंथ. त्यात टकलावर एक उपाय दिला आहे: सिंह, पाणघोडा, मगर, मांजर, साप आणि रानबोकड यांची चरबी समभाग घेऊन एकत्र करावी आणि डोक्याला चोळावी. सहा प्राण्यांची चरबी कशासाठी, त्यातली एखादी वगळली तर काय बिघडेल, हे तिथे सांगितलेले नाही. केसांसाठी लेप आणि तेले पुढे हजारो वर्षे याच रीतीने बनत राहिली. घटक वाढत गेले. पण कोणता घटक खरोखर काम करतो आणि लावलेले औषध केसाच्या मुळापर्यंत पोचते का, हे दोन प्रश्न फार उशिरा विचारले गेले.

यातला दुसरा प्रश्न शरीररचनेतून येतो. डोक्यावरच्या जाड केसाचे मूळ कातडीखाली तीन ते पाच मिलिमीटर खोल असते. त्याच्या वाटेत कातडीचा सर्वांत वरचा, मृत पेशींचा थर आडवा येतो. हा थर खुद्द केसाच्या जाडीपेक्षाही पातळ असतो, पण बाहेरचे काही आत जाऊ न देणे हेच त्याचे काम. त्यामुळे टकलावरच्या मिश्रणांचा इतिहास हा बराचसा या एका थराशी चाललेल्या झगड्याचा इतिहास आहे.

सुश्रुतसंहितेत या झगड्याची जाणीव दिसते. डोक्यावर अचानक गोल चकती पडून केस जातात, त्याला मराठीत चाई म्हणतात. संहितेत त्याचे नाव इंद्रलुप्त. त्यावरची चिकित्सा पायरीपायरीने सांगितली आहे. आधी स्नेहन आणि स्वेदन, म्हणजे तेल चोळणे आणि घाम आणणे, मग डोक्याच्या शिरेतून रक्त काढायचे आणि त्यानंतर मिरे, मनशीळ, हिराकस आणि मोरचूद यांचा लेप द्यायचा. दुसरा मार्ग असा, की जागेवर खोलवर फासण्या टाकायच्या आणि मग गुंजांचा लेप पुन्हा पुन्हा लावायचा. कातडीला आधी भोके पाडून मग औषध लावणे ही कल्पना इथे स्पष्ट आहे. मात्र मनशीळ हे आर्सेनिकचे संयुग आणि गुंज हे जहाल विषारी बी. फासण्या टाकलेल्या कातडीवर त्यांचा लेप म्हणजे ते रक्तात जाण्याची वाट मोकळी करणे. आज असे काही घरी करून पाहणे जिवावर बेतू शकते.

त्याच ग्रंथात हस्तिदंत जाळून केलेली मषी आणि रसांजन यांचा दोन घटकांचा लेप आहे. त्याने तळहातावरसुद्धा केस उगवतात, असा त्याचा गौरव केलेला आहे. असे दावे टिकून राहिले, त्याचे एक कारण चाईच्या स्वभावात आहे. चाई पडलेल्या पुष्कळांचे केस काहीही न करता वर्षभरात परत येतात आणि त्याचे श्रेय शेवटी लावलेल्या लेपाला मिळते. वयानुसार हळूहळू पडणाऱ्या टकलाचे तसे नसते. ते आपण होऊन मागे फिरत नाही.

आयुर्वेदाने मिश्रणाची जी खरी कारागिरी घडवली ती तेल सिद्ध करण्यात. शार्ङ्गधरसंहितेसारख्या ग्रंथांतले सर्वसाधारण प्रमाण असे: वनस्पतींचा वाटलेला गोळा, म्हणजे कल्क, एक भाग, तेल चार भाग आणि रस किंवा काढा सोळा भाग. माक्याचे तेल करायचे तर माक्याचा अंगरस तेलात घालून मंद आचेवर आटवत ठेवायचा. पाणी आहे तोवर भांड्यातून तडतड ऐकू येत राहते. ते संपत आले की कल्काची दोन बोटांत वात वळता येते, आणि ती विस्तवावर धरली तर आवाज न करता जळते. याच वेळी तेलावर फेस येतो आणि भांडे उतरवायचे असते. पाण्यात उतरणारे आणि तेलात उतरणारे गुण एकाच माध्यमात आणण्याचा हा विचारपूर्वक केलेला प्रयत्न होता. महाराष्ट्रातल्या घरांत माका, आवळा आणि जास्वंद घालून केलेल्या तेलामागे हीच परंपरा आहे. तेलाचा फायदाही खराच, पण तो निराळ्या जागी. मुंबईतल्या दोन संशोधकांनी २००३ मध्ये दाखवले, की खोबरेल केसाच्या आत शिरते आणि धुताना-विंचरताना केसातून होणारी प्रथिनांची झीज कमी करते. सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलाने तसे होत नाही. उगवलेला केस टिकतो, तुटत नाही. मुळातून नवा केस येणे ही वेगळी गोष्ट.

एकोणिसाव्या शतकात हे मिश्रण बाटलीत गेले आणि त्याला जाहिरात चिकटली. न्यूयॉर्क राज्यातल्या सदरलँड कुटुंबातल्या सात बहिणींचे केस विलक्षण लांब होते. सातजणींचे मिळून ते ३७ फूट भरत असे सांगितले जाई. त्या मंचावर गात, मग केस मोकळे सोडत, आणि त्यांच्या नावाचे केसवर्धक खपत असे. तपासणीत त्या बाटलीत मुख्यतः विच हेझल या झुडपाचा अर्क आणि बे रम हे सुगंधी मद्यार्क आढळले. बहिणींचे केस खरे होते. बाटलीशी त्यांचा संबंध होता असे मानायला मात्र आधार नव्हता.

टकलाचे कारणच माहीत नव्हते तोवर याहून वेगळे घडणे कठीण होते. ते कारण १९४२ मध्ये अमेरिकी शरीररचनातज्ज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी उघड केले. वयात येण्याआधी ज्यांचे वृषण निकामी झाले किंवा काढले गेले अशा पुरुषांना टक्कल पडत नाही, हे त्यांनी पाहिले. त्यांच्यापैकी काहींना टेस्टोस्टेरॉन दिले गेले, तेव्हा ज्यांच्या घराण्यात टक्कल होते त्यांचे केस जाऊ लागले. औषध थांबवले की गळतीही थांबली. गेलेले केस मात्र परत आले नाहीत. नपुंसकांना टक्कल पडत नाही हे हिप्पोक्रेटिसच्या सूत्रांतही आहे, पण आनुवंशिकता आणि पुरुषी संप्रेरक हे दोन्ही एकत्र आले तरच टक्कल पडते, हा निष्कर्ष हॅमिल्टन यांचा. टकलाच्या पायऱ्यांचे जे कोष्टक आज जगभर वापरतात, तेही त्यांच्याच वर्गीकरणावर १९७५ मध्ये ओ'टार नॉरवूड यांनी केलेल्या सुधारणेतून आले.

पहिले खरे औषध मात्र टकलाचा शोध घेताना सापडलेच नाही. मिशिगन राज्यातल्या कॅलमझू गावी अपजॉन ही कंपनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस जठरव्रणावर औषध शोधत होती. एका संयुगाने कुत्र्यांचा व्रण बरा झाला नाही, पण रक्तवाहिन्या सैल होऊन रक्तदाब झपाट्याने उतरला. त्या संयुगाचे दोनशेहून अधिक प्रकार बनवले गेले. त्यातल्या १९६३ च्या एकाचे नाव पुढे मिनॉक्सिडिल पडले. ते तपासण्याचे काम कोलोरॅडो विद्यापीठातले चार्ल्स चिड्सी यांच्याकडे आले. रक्तदाबाच्या रुग्णांचा दाब उतरला, पण त्यांच्या कपाळावर, गालांवर, पाठीवर, हातांवर केस उगवू लागले. १९७१ मध्ये चिड्सींनी त्वचारोगतज्ज्ञ गुंटर कान यांना विचारले. कान यांनी आपला तरुण सहकारी पॉल ग्रँट याच्याबरोबर गोळीतल्या औषधाचे एक टक्क्याचे द्रावण केले आणि ते स्वतःच्या हातांवर चोळले. लावलेल्या जागी केस आले. गोळीने अंगभर जे होत होते ते हवे तिथेच घडवता येते, हे त्या क्षणी कळले. टकलावरच्या औषधांच्या इतिहासात याहून मोलाचा प्रयोग दुसरा नाही. कंपनीला तो परस्पर केलेला वाटला आणि शोधाचे श्रेय कोणाचे यावर अनेक वर्षे वाद चालला. अखेर १९८६ च्या पेटंटवर चिड्सी आणि कान ही दोन्ही नावे आली.

गोळी १९७९ मध्ये तीव्र रक्तदाबासाठी मंजूर झाली. पुढच्याच वर्षी एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात बातमी आली, की रक्तदाबासाठी मिनॉक्सिडिल घेणाऱ्या ३८ वर्षांच्या माणसाचे टक्कल भरून आले. त्यानंतर डॉक्टर आणि औषधे बनवणारे दुकानदार गोळ्या कुटून त्यांची द्रावणे स्वतः करू लागले. हे काम दिसते तितके सोपे नव्हते. मिनॉक्सिडिल पाण्यात फार थोडे विरघळते, म्हणून मद्यार्क आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल यांची जोड लागते. मद्यार्क उडून गेला की औषधाचे बारीक पांढरे कण केसांच्या बुंध्याशी उरतात, आणि ग्लायकॉलने पुष्कळांच्या डोक्याला खाज सुटते, कोंड्यासारखे पापुद्रे निघतात. म्हणजे एकाच औषधाचे द्रावणसुद्धा मुळात मिश्रणच होते आणि त्यातला निष्क्रिय समजला जाणारा घटकही आपले काम करून जात होता. दोन टक्क्यांच्या तयार द्रावणाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑगस्ट १९८८ मध्ये पुरुषांसाठी मान्यता दिली, १९९१ मध्ये स्त्रियांसाठी. १९९६ पासून ते चिठ्ठीशिवाय मिळू लागले. ग्लायकॉल नसलेला फेस २००६ मध्ये आला.

त्या अधिकृत द्रावणाला मान्यता मिळण्याआधीच दुसरे औषध त्यात मिसळून पाहिले गेले होते. न्यू ऑर्लीन्समधल्या गेल बझानो आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये ५६ जणांवरचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांनी घेतलेले दुसरे औषध म्हणजे ट्रेटिनॉइन, जीवनसत्त्व अ च्या कुळातले, मुरुमांवर वापरले जाणारे. अर्धा टक्का मिनॉक्सिडिल आणि ट्रेटिनॉइन एकत्र वापरणाऱ्यांपैकी ६६ टक्के लोकांमध्ये वर्षभराने जाड केस दिसले, आणि नुसत्या ट्रेटिनॉइननेही सुमारे ५८ टक्के लोकांत थोडीफार वाढ झाली. एवढ्या छोट्या गटावरून ६६ आणि ५८ मधला फरक खरा धरता येत नाही. तरीही या कामाने एक गोष्ट केली: मिश्रणाची तुलना त्याच्या एका घटकाशी केली. एबर्स पपायरसपासून राहून गेलेला प्रश्न इथे मोजमापाच्या भाषेत विचारला गेला.

त्याचे उत्तर पुढच्या दोन शोधांनी मिळाले. पहिला शोध कातडीच्या वरच्या थराचा. धड कातडीवर लावलेल्या मिनॉक्सिडिलपैकी सरासरी १.४ टक्केच शरीरात शिरते. १९९० मध्ये दिसले, की आधी काही आठवडे ट्रेटिनॉइन लावल्यास हे शोषण जवळजवळ तिप्पट होते, कारण ट्रेटिनॉइनने तो थर ढिला पडतो. सुश्रुताच्या शस्त्राचे काम इथे रसायन करत होते. दुसरा शोध त्याहून सूक्ष्म. मिनॉक्सिडिल स्वतः केस वाढवत नाही. केशमुळातले सल्फोट्रान्सफरेज नावाचे विकर त्याचे सल्फेट करते आणि ते सल्फेट काम करते. हे विकर काहींच्या केशमुळात कमी असते, म्हणून एकाच बाटलीने एकाला गुण येतो, दुसऱ्याला येत नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ज्यांना गुण येणार नाही असे विकराच्या चाचणीवरून दिसत होते, त्यांना पाच दिवस ट्रेटिनॉइन लावले. त्यांतल्या ४३ टक्के जणांमध्ये विकराची पातळी वाढून ते गुण येणाऱ्यांच्या गटात गेले. कोरियात २००७ मध्ये ३१ पुरुषांवर केलेल्या तुलनेत दिवसातून एकदा लावलेले मिश्रण दोनदा लावलेल्या नुसत्या पाच टक्के मिनॉक्सिडिलइतकेच ठरले. म्हणजे मिश्रणाने केस अधिक आले नाहीत, एक खेप वाचली. ट्रेटिनॉइनने लाली आणि जळजळ मात्र होऊ शकते.

मिनॉक्सिडिलच्या द्रावणाला मान्यता दिल्यावर वर्षभरातच अमेरिकी प्रशासनाने बाजारही झाडून काढला होता. जुलै १९८९ च्या नियमाने चिठ्ठीशिवाय विकली जाणारी सारी केसवर्धक द्रव्ये अमान्य ठरली: बायोटिन, लॅनोलिन, जोजोबा तेल, गव्हाच्या अंकुराचे तेल, गंधक, युरिया आणि पॉलिसॉर्बेट. पॉलिसॉर्बेट हे तेल-पाणी एकजीव करणारे साधे द्रव्य. हेलसिंकीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या एका मिश्रणात ते होते आणि त्यावरचा खटला १९९४ मध्ये अपील न्यायालयात निकाली निघाला. काही ग्राहकांना समाधान वाटते, ते केवळ लावल्याच्या विश्वासाने का होईना, हा विक्रेत्याचा बचाव न्यायालयाने मानला नाही. निव्वळ विश्वासाने येणाऱ्या गुणाला औषधाचा गुण म्हणून विकणे ही फसवणूकच, असे त्या निकालाने ठरवले. केसांच्या औषधांपुरता हा निकाल मूलभूत मानायला हवा.

संप्रेरकाच्या बाजूने आलेले औषध फिनास्टराइड. डोमिनिकन रिपब्लिकमधल्या एका गावात काही मुले जन्मतः मुलींसारखी दिसत आणि वयात येताना त्यांच्यात पुरुषी लक्षणे उमटत. ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली यांनी १९७४ मध्ये त्याचे कारण सांगितले: टेस्टोस्टेरॉनचे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन करणारे विकर त्यांच्यात कमी होते. या पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी लहान राही आणि त्यांना टक्कल पडत नसे. त्या विकराला अडवणारे फिनास्टराइड प्रोस्टेटसाठी १९९२ मध्ये आणि एक मिलिग्रॅमच्या गोळीत टकलासाठी डिसेंबर १९९७ मध्ये मंजूर झाले. मिनॉक्सिडिल केशमुळाला चालना देते, फिनास्टराइड त्याच्यावरचा घाला थांबवते. दोन वेगळ्या वाटांनी जाणारी औषधे जोडीने द्यावीत हे ओघानेच आले. दिल्लीत शंभर पुरुषांवर वर्षभर केलेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत फिनास्टराइडची गोळी आणि मिनॉक्सिडिलचे द्रावण ही जोडी सर्वांत सरस ठरली.

जोडी म्हणजे नेहमीच बेरीज, असे मात्र नाही. २००३ मध्ये दोनशे पुरुषांवर २६ आठवड्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. कोंड्यावरच्या झिंक पायरिथिऑन शाम्पूने केसांची संख्या थोडी वाढली, पाच टक्के मिनॉक्सिडिलने त्याच्या दुपटीहून अधिक. दोन्ही वापरणाऱ्यांना नुसत्या मिनॉक्सिडिलपेक्षा जास्त काही मिळाले नाही. दोन घटक स्वतंत्रपणे खरे असूनही एकत्र आल्यावर भर पडली नाही, हे नीट रचलेल्या प्रयोगाशिवाय कधीच कळले नसते.

वनस्पतींच्या मिश्रणांनाही हीच कसोटी लागली. स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनमध्ये चाईच्या ८६ रुग्णांना जोजोबा आणि द्राक्षबियांच्या तेलात थाइम, रोझमेरी, लव्हेंडर आणि देवदार यांची सुगंधी तेले मिसळून रोज चोळायला दिले. तुलनेच्या गटाला नुसते मूळ तेल. सात महिन्यांनी मिश्रणाच्या गटात ४४ टक्के आणि दुसऱ्या गटात १५ टक्के रुग्ण सुधारले, असे १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. निकाल लक्ष देण्याजोगा आहे, पण चार तेलांतले कोणते कामाचे, हे त्यातून कळत नाही. २००२ मध्ये बगदादहून कांद्याच्या रसाचा प्रयोग आला: सहा आठवड्यांत २३ पैकी २० जणांना केस आले, साध्या पाण्याने १५ पैकी दोघांना. घरोघर टकलावर कांद्याचा रस चोळला जातो, त्याच्या पाठीशी हाच प्रयोग सांगतात. पण तो चाईवरचा होता, टकलावरचा नव्हता.

फासण्या टाकून लेप लावण्याची जुनी कल्पना २०१३ मध्ये महाराष्ट्रातूनच नव्या रूपात पुढे आली. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयातल्या डॉ. रचिता धुरत आणि सहकाऱ्यांनी शंभर पुरुष घेतले. एका गटाला पाच टक्के मिनॉक्सिडिल दिवसातून दोनदा; दुसऱ्याला तेच द्रावण आणि आठवड्यातून एकदा दीड मिलिमीटरच्या सुयांचा रूळ. दांडीला बसवलेले हे छोटे चाक, त्यावर सुयांच्या रांगा. ते केस गेलेल्या भागावर उभे, आडवे, तिरके फिरवायचे, कातडी लालसर होईपर्यंत. बारा आठवड्यांनी मोजलेल्या जागेत केसांची सरासरी वाढ रूळ फिरवलेल्या गटात ९१.४ आणि नुसत्या द्रावणाच्या गटात २२.२ निघाली. यात औषधाला वाट मिळण्याचा भाग किती आणि बारीक जखमा भरताना केशमुळांना मिळणाऱ्या चालनेचा किती, हे वेगळे काढता आलेले नाही. त्या प्रयोगात रूळ फिरवल्यावर दिवसभर द्रावण लावू दिले नव्हते, यावरून जखमेच्या चालनेचा वाटा मोठा असावा. मुंबईच्या या छोट्या प्रयोगाने जगभर अशा उपचारांना तोंड फोडले.

दरम्यान फिनास्टराइडही गोळीतून बाटलीत उतरले. गोळीने काही पुरुषांत कामेच्छा घटते, म्हणून औषध डोक्यापुरतेच ठेवता येईल अशी आशा होती. थायलंडमध्ये २०१२ आणि २०१८ मध्ये प्रत्येकी ४० पुरुषांवर तीन टक्के मिनॉक्सिडिलबरोबर फिनास्टराइड तपासले गेले. दुसऱ्या प्रयोगात मिश्रण नुसत्या मिनॉक्सिडिलपेक्षा स्पष्टपणे वरचढ ठरले. भारतात दोन्ही एकाच बाटलीत चिठ्ठीवर मिळू लागली. बंगळूरूच्या २०१५ मधल्या अभ्यासात गोळी बंद करून असे मिश्रण दिलेल्या बहुतेक रुग्णांचे केस टिकून राहिले. युरोपात ४५८ पुरुषांवर फिनास्टराइडचा फवारा तपासला गेला. त्याचे निकाल २०२२ मध्ये आले: रक्तातले औषध गोळीच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी, तरी डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन ३४.५ टक्क्यांनी उतरलेले. गोळीने ते ५५.६ टक्क्यांनी उतरले होते. डोक्यावर लावलेले औषध डोक्यापुरते राहिले नव्हते.

अमेरिकेत फिनास्टराइडचे एकही लावायचे औषध मंजूर नाही, तरी दुकानात बनवलेली मिश्रणे दूरध्वनीवरच्या सल्ल्यावर घरपोच जात होती. एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या प्रशासनाने इशारा दिला. २०१९ ते २०२४ या काळात अशा मिश्रणांबाबत ३२ तक्रारी नोंदल्या गेल्या होत्या: लैंगिक दुर्बलता, नैराश्य, चिंता, निद्रानाश, आत्महत्येचे विचार. काहींत औषध थांबवल्यावरही त्रास टिकून होता, आणि लावायच्या औषधाने असे होऊ शकते हे त्यांना सांगितलेच गेले नव्हते, असे काही रुग्णांचे म्हणणे होते. लावलेले औषध स्पर्शाने दुसऱ्याच्या अंगाला लागू शकते, हेही इशाऱ्यात नोंदले आहे. फिनास्टराइडमुळे गर्भातल्या मुलग्याच्या जननेंद्रियांची वाढ बिघडू शकते, त्यामुळे घरात गरोदर स्त्री असेल तर ही बाटली, ती लावलेला हात आणि ती लावून टेकलेली उशी यांच्यापासून तिला दूर ठेवावे लागते.